सस्पेन्शन बदलल्यावर सायलेन्सरचा पाइप लागतो तेव्हा: जागा मोजण्याची आणि मिळवण्याची पद्धत

महिंद्राचा कारखाना सातपूरला असल्यामुळे थार, स्कॉर्पिओ आणि बोलेरो या गाड्यांचे नाशिककरांना अप्रूप नाही, आणि त्यांच्याखाली बाजारातले सस्पेन्शन बसवून घेण्याची हौसही इथे चांगलीच मुरलेली आहे. कोणाला त्र्यंबक आणि इगतपुरीच्या डोंगरवाटांसाठी दोन इंच उंची हवी असते, कोणाला पिंपळगाव-लासलगावच्या मालासाठी मागे जादा पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) हवा असतो, तर कोणाला हॅचबॅक जमिनीला टेकवायची असते. सुटे भाग बसतात, गाडी हवी तशी उभी राहते आणि पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरवर गाडीखालून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतो. गाडी परत गॅरेजमध्ये गेली की बहुतेक वेळा पाइपवर हातोडा मारून जागा केली जाते. पुढच्या आठवड्यात आवाज दुसऱ्या ठिकाणाहून येऊ लागतो.

असे होते, कारण पाइप आणि सस्पेन्शनचा भाग हे दोन्ही हलते आहेत. लिफ्टवर गाडी लटकलेली असताना दिसणारी जागा ही प्रत्यक्ष रस्त्यावरची जागा नव्हे. थंड पाइपची जागा ही गरम पाइपची जागा नव्हे. म्हणून कापाकापीच्या आधी दोन्ही भाग आपापल्या टोकाच्या स्थितीत नेऊन मोजमाप करणे हेच या कामाचे निम्म्याहून अधिक अंग आहे, आणि या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आवाज केव्हा येतो, याची आधी नोंद

गाडी वर घेण्यापूर्वी ती एकदा चालवून पाहावी आणि आवाज नेमका कोणत्या क्षणी येतो ते लिहून ठेवावे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आयडलला बारीक खडखड येत असेल, तर पाइप एखाद्या भागाला सतत टेकलेला असतो किंवा हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणारा, पत्रा सुटलेला असतो. क्लच सोडताना किंवा जोरात ॲक्सिलरेटर देताना एकच ठोका येत असेल, तर इंजिन आपल्या माउंटिंगवर कलते आणि त्याच्याबरोबर पाइप झुकतो, हे कारण धरून चालावे. लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनात हा पाइप डावी-उजवीकडे डुलतो, तर आडव्या इंजिनाच्या गाडीत तो पुढे-मागे सरकतो. स्पीडब्रेकर चढताना येणारा आवाज सस्पेन्शन दबल्याचा आणि उतरून चाक खाली लोंबल्यावर येणारा आवाज सस्पेन्शन पसरल्याचा असतो. वळणावरच आवाज येत असेल, तर अँटी रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा आडवा दांडा) आणि त्याच्या लिंकांवर पहिला संशय घ्यावा.

एक खूण विशेष उपयोगी पडते. घरातून निघताना आवाज नाही, पण पंचवीस-तीस मिनिटांनी तो सुरू होतो आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा नाहीसा होतो, असे असेल तर पाइपचे तापून लांबणे हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. साध्या पोलादाचा तीन मीटर पाइप सरासरी ३०० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ११ मिलिमीटरने लांबतो. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस पाइपमध्ये हीच वाढ १५ ते १६ मिलिमीटर होते. पुढचे टोक इंजिनला जखडलेले असल्यामुळे ही सगळी वाढ मागच्या बाजूला सरकते, आणि मागच्या एक्सलवरून जाणारा वाकडा भाग नेमका तिथेच असतो. कंपनीचा पाइप काढून बाजारातला स्टेनलेस पाइप घालणाऱ्याने हे चार-पाच मिलिमीटर आधीच हिशेबात धरायला हवेत.

कोणता भाग कोणत्या बाजूला सरकतो

एक साधा नियम ध्यानात ठेवला की शोध लवकर संपतो. गाडीची उंची वाढवली, की बॉडीच्या आणि तिला टांगलेल्या पाइपच्या तुलनेत एक्सल, आर्म आणि शाफ्ट खाली जातात. म्हणून *पाइपच्या वरून* जाणारा भाग पाइपवर येऊन बसतो. उंची कमी केली, की उलट घडते आणि *पाइपच्या खालून* जाणारा भाग वर येऊन पाइपला भिडतो. टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारी आडवी तुळई) असलेल्या हॅचबॅक गाड्यांत पाइप सहसा बीमवरून जातो. त्यामुळे लोअरिंग स्प्रिंग घातल्यावर स्पीडब्रेकरवर ठोका बसला, तर आधी तिथेच पाहावे.

पहिल्या प्रकाराचे जगभर माहीत असलेले उदाहरण म्हणजे २०१२ नंतरची, ३.६ लिटर व्ही-६ इंजिनची जीप रँग्लर. अडीच इंच किंवा त्याहून जास्त लिफ्ट केल्यावर चाके लोंबली, की तिच्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा) रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचे आवरण, एक्झॉस्टच्या आडव्या पाइपला लागतो आणि फाटतो. त्यासाठी फ्लँजमध्ये (पाइपचे दोन भाग बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांमध्ये) स्पेसर घालून पाइप बाजूला सरकवण्याचा किंवा शाफ्टच बदलण्याचा उपाय तिथे रूढ झाला. आपल्याकडच्या फोर-बाय-फोर गाड्यांची रचना वेगळी असली, तरी लिफ्टनंतर पुढच्या शाफ्टजवळचा पाइप तपासण्याचा धडा त्यातून घ्यावा.

खाली-वर होण्याखेरीज आडवे सरकणेही असते आणि ते हमखास विसरले जाते. अखंड एक्सलच्या ज्या गाड्यांत पॅनहार्ड रॉड असतो, त्यांत या रॉडचे एक टोक चॅसीला आणि दुसरे एक्सलला असते. रॉड जितका तिरका होतो तितकी त्याची आडवी लांबी घटते आणि एक्सल चॅसीकडच्या टोकाच्या दिशेने ओढला जातो. समजा रॉड ९०० मिलिमीटर लांबीचा आहे आणि मूळ उंचीवर त्याची दोन टोके ४० मिलिमीटर वरखाली आहेत. पन्नास मिलिमीटर लिफ्ट केल्यावर हा फरक ९० होतो आणि एक्सल साधारण साडेतीन मिलिमीटर सरकतो, जे डोळ्यांना जाणवतही नाही. पण चाके आणखी १०० मिलिमीटर लोंबली की एकूण सरकणे १९ मिलिमीटरच्या पुढे जाते. सपाट जमिनीवर अंगठ्याएवढी जागा दिसत असूनही खड्ड्यात ठोका का बसतो, त्याचे उत्तर या १९ मिलिमीटरमध्ये आहे. मूळ लांबीचा पॅनहार्ड रॉड ठेवून नुसते स्प्रिंग बदलणारे किट स्वस्त का असते, तेही यातून कळते.

जाड अँटी रोल बारचे गणित निराळे आहे. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा भरीव बार घातला, तर तिथे जागा कमी होते जेमतेम दीड मिलिमीटर. मात्र बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढत असल्यामुळे तो सुमारे १.८ पट होतो आणि त्याच्या लिंका व ब्रॅकेट यांवर तितका अधिक भार येतो. पातळ पत्र्याचे ब्रॅकेट अशा वेळी वळणावर लवते आणि बार पाइपपर्यंत पोहोचतो. उभ्या गाडीवर हे दिसणारच नाही. लिफ्टनंतर जुन्याच आखूड लिंका ठेवल्या असतील, तर बारचे हातही कायम खाली ओढलेले राहतात.

शॉकॲब्सॉर्बरच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात: नव्या शॉकचा घेर, वेगळा डबा असलेल्या शॉकच्या त्या डब्याची आणि होसपाइपची जागा, आणि शॉकची पूर्ण उघडल्यावरची लांबी. पुष्कळ गाड्यांत चाक किती खाली लोंबायचे हे शॉकच ठरवतो. जास्त लांबीचा शॉक घातला, की ती मर्यादा उठते आणि एक्सल कंपनीने कधी विचारात न घेतलेल्या जागी जाऊन पोहोचतो.

गाडी वर घेताना

पाइप पूर्ण थंड होऊ द्यावा. सपाट, टणक जमिनीवर, चाकांना उटी लावून, चॅसीच्या ठरलेल्या जागी घोड्या (जॅक स्टँड) लावूनच खाली शिरावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवण्याची आपल्या मिस्त्री मंडळींची सवय उत्तम आहे आणि ती पाळावी. पुढचा स्ट्रट उघडायचा असेल, तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याखेरीज वरचा मधला नट सोडू नये. दबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव जाईल एवढी ताकद असते. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसणेही टाळावे.

खुणा वाचणे

पाइप पुसू नये. मळलेल्या पाइपवर खुणा उत्तम दिसतात. घासलेली जागा चकाकते, आपटलेल्या जागी खळगा पडतो आणि त्याच्या कडेला गंजाची पापडी उडालेली असते. रबरी बुश (सांध्यातली रबरी बाही) किंवा बूट लागला असेल, तर पाइपवर काळा, चिकट, जळलेला थर सापडतो. खुणेचा आकार समोरचा भाग कोणता ते सांगतो. गोल बार चंद्रकोरीसारखी आडवी खूण करतो, पट्टीची कड सरळ चीर पाडते.

कांद्याच्या वाहतुकीतल्या एका पिकअपचे उदाहरण इथे देतो. मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातल्यापासून भरलेल्या गाडीत डावीकडून ठोके येत होते. जाड झालेला पाट्यांचा गठ्ठा पाइपला लागतो, असे निदान करून पाइप कापण्याची तयारी झाली होती. पाइपवरची खूण ओल्या फडक्याने हलकेच टिपून बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहिली, तेव्हा तिच्यात साधारण दीड-दीड मिलिमीटर अंतरावर बारीक समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या. पाट्याची कड अशा रेघा पाडू शकत नाही. त्या आट्यांच्या रेघा होत्या. जादा पाट्यासाठी आणलेले यू-बोल्ट गरजेपेक्षा बरेच लांब होते, ते आटे वर करून बसवले होते, आणि नटाच्या वर दोन बोटे उरलेले टोक माल भरल्यावर पाइपला घासत होते. नटाबाहेर तीन आटे ठेवून उरलेला भाग कापला, कापलेल्या तोंडाला रंग लावला आणि काम संपले. पाइपला हात लावावा लागला नाही.

पूर्ण हालचाल फिरवून मोजणे

सुरुवातीला चारही कोपऱ्यांत चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. गाडी चाकांवर उभी असतानाचे हे आकडे पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात.

त्यानंतर संशयित एक्सलवर सस्पेन्शन तळापासून माथ्यापर्यंत फिरवायचे. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत एक्सल जॅकवर पेलून शॉक खालून मोकळे करावेत, स्प्रिंग काढून ठेवावेत आणि शॉक पुन्हा जोडावेत. आता एक्सल जॅकने हवा तितका वर-खाली करता येतो. हे करताना ब्रेकचा होसपाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, यावर एकाने लक्ष ठेवावे. पाट्यांच्या गाडीत हे शक्य नसते, म्हणून तिथे रॅम्प आणि माल भरून दाबलेली गाडी यांवर भागवावे लागते.

चार स्थिती तपासाव्यात. पहिली नेहमीच्या उंचीची, दुसरी पूर्ण लोंबलेली, तिसरी पूर्ण दबलेली. दबलेल्या स्थितीत बंप स्टॉपला, म्हणजे एक्सलची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला, स्पर्श झाला की थांबू नये, कारण तो रबर स्वतःही दबतो. त्याच्या निम्म्या उंचीइतके आणखी वर न्यावे. चौथी स्थिती सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: एक चाक पूर्ण वर आणि दुसरे पूर्ण खाली, मग त्याची उलट बाजू. अखंड एक्सल तिरका झाला, की त्याचा मधला फुगवटा आणि शॉकची ब्रॅकेटे अशा ठिकाणी जातात, जिथे ती दोन्ही चाके एकत्र हलवताना कधीच जात नाहीत. जवळ प्रोपेलर शाफ्ट असेल, तर प्रत्येक स्थितीत तो हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा. पुढच्या एक्सलवर हेच सर्व स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून करावे.

नजर पोहोचत नाही तिथे मुलांच्या खेळण्यातली मऊ प्लॅस्टिसिन वापरावी. पाइपवर तिचा जाड गोळा थापावा, समोरच्या भागाला तेलाचे बोट पुसावे आणि सस्पेन्शन सगळ्या स्थितींतून फिरवावे. नंतर गोळ्यावर सर्वांत खोल दाबलेल्या जागी ब्लेडने उभा छेद घेऊन उरलेली जाडी व्हर्निअरने मोजावी. तीच त्या ठिकाणची थंड अवस्थेतली खरी जागा. गरम अवस्थेसाठी मात्र प्लॅस्टिसिन चालत नाही. गाडी अर्धा तास चालवून आणावी, जाड हातमोजे घालावेत आणि ठरावीक जाडीच्या लाकडी पट्ट्या फटीत सरकवून पाहाव्यात. शेवटी एका माणसाने पाइपचे मागचे टोक हाताने डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवावे. हँगरच्या (पाइप गाडीखाली टांगणाऱ्या कड्यांच्या) रबरांमुळे तो किती डुलतो, ते मोजलेल्या जागेतून वजा करावे.

किती जागा पुरेशी धरायची? सस्पेन्शनच्या सर्वांत वाईट स्थितीत, गरम पाइप आणि हलता धातूचा भाग यांच्यात मी २५ मिलिमीटर धरतो आणि १५ च्या खाली कधी जात नाही. शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश, ब्रेकचा होस किंवा डिझेल-पेट्रोलची नळी समोर असेल, तर ५० मिलिमीटर धरावेत किंवा मध्ये शील्ड लावावे. दोन्ही भाग एकत्रच हलत असतील, उदाहरणार्थ बॉडीचा पत्रा आणि त्याला टांगलेला पाइप, तर १० ते १२ मिलिमीटर पुरतात.

उपाय, स्वस्तातून महागाकडे

आधी फिटिंगमधल्या चुका शोधाव्यात. डावे-उजवे ब्रॅकेट अदलाबदल होणे, बोल्टचे डोके आत आणि नट पाइपकडे असणे, अँटी रोल बार उलटा बसणे, शॉकचा डबा पाइपच्या बाजूला येणे, स्पेसर वॉशर विसरणे हे सर्व रोजचे प्रकार आहेत. नुसता बोल्ट उलटा घातल्याने कित्येकदा १० ते १५ मिलिमीटर मिळतात. मात्र उलटा घातलेला बोल्ट पुढे निघेल ना आणि दुसऱ्या कशाला लागणार नाही ना, ते पाहून घ्यावे. याच वेळी रबरी बुश असलेल्या सर्व आर्मचे बोल्ट तपासावेत. ते गाडी हवेत लटकलेली असताना घट्ट केले असतील, तर बुश कायम पिळलेले राहतात, गाडीची उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. गाडीचे वजन चाकांवर असताना ते सैल करून, कंपनीने दिलेल्या टॉर्कने पुन्हा घट्ट करावेत.

दुसरा उपाय पाइपच नीट बसवण्याचा. जुन्या पाइपचे हँगर रबर ओघळलेले असतात आणि पाइप दोन बोटे खाली आलेला असतो. सर्व रबर नवे घालावेत. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, पुढच्या फ्लँजपासून मागच्या क्लॅम्पपर्यंत सर्व जोड सैल करावेत, पाइप मधोमध धरावा आणि पुढून मागे या क्रमाने घट्ट करत जावे. मागून सुरुवात केली, तर सगळा पीळ पुढच्या लवचीक तुकड्यात साठतो आणि तो तुकडा काही महिन्यांत फुटतो. फ्लँजच्या भोकांमध्ये जो थोडा खेळ असतो, तो पुढे काही अंश फिरवला की मागे दोन मीटरवर बऱ्याच मिलिमीटरचा फरक पडतो. याने काम भागले, तर पुढचे उपाय वाचायची गरज नाही.

तिसरा उपाय सस्पेन्शनच्या बाजूचा, पण तो योग्य सुटे भाग घालण्यापुरताच: लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड, योग्य लांबीच्या अँटी रोल बार लिंका, बारची ब्रॅकेटे खाली घेणारे स्पेसर, लोंबणे मर्यादित करणारे पट्टे, उंच बंप स्टॉप. पॅनहार्ड रॉड बदलल्यास त्याची लांबी गाडी चाकांवर उभी असताना, एक्सल दोन्ही बाजूंनी सारखा येईल अशी लावावी. आर्म बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

काय करू नये, तेही इथेच सांगितलेले बरे. आर्म किंवा अँटी रोल बार ग्राइंडरने घासू नये. बार गॅसने तापवून वाकवू नये, कारण ते स्प्रिंगचे पोलाद असते आणि तापवल्यावर त्याचे पाणी उतरते. बंप स्टॉप कापून टाकू नये. पाइप तारेने चॅसीला आवळून बांधू नये. त्याला हलायची मोकळीक नसेल, तर मॅनिफोल्डजवळचा जोड फुटतो. सस्पेन्शनचा भाग तुटला, तर सावळ घाटात गाडी हातची जाते. पाइप फुटला, तर फक्त आवाज वाढतो. त्यामुळे जागा द्यायची कोणी, हा प्रश्न पडला तर ती पाइपने द्यावी.

चौथा उपाय हँगर सरकवणे आणि फ्लँजमध्ये स्पेसर घालणे. हँगरची सळई कापून १५-२० मिलिमीटर बाजूला जोडणे सोपे असते, पण एका हँगरमुळे पाइप कुठे गेला हे पुढच्या-मागच्या सर्व ठिकाणी पुन्हा मोजावे लागते. स्पेसर घातल्यास दोन्ही बाजूंना गॅस्केट आणि त्या जाडीइतके लांब स्टड लागतात.

पाइप दाबणे हा पाचवा उपाय आहे, आणि तो नीट केला तर दिसतो तितका वाईट नाही. गोल पाइप एका दिशेने एक-पंचमांश चपटा केला, तर आतले क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटते, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या पाइपमधून सुमारे १२ मिलिमीटर मिळवता येतात. त्याच वेळी तो दुसऱ्या दिशेने सुमारे ७४ मिलिमीटर रुंद होतो, हे विसरू नये. पाइप गाडीवरून उतरवूनच, लालसर तापवून, गोल सळईने हळूहळू दाबावा. गाडीवरच हातोडा मारल्याने टोकदार खळगा पडतो, हँगरची वेल्डिंग तडकते आणि आतल्या बाजूने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची सिरॅमिक वीट फुटू शकते. कन्व्हर्टर, डीपीएफ (डिझेलची काजळी पकडणारा फिल्टर), लवचीक तुकडा आणि सेन्सरच्या आसपासचा भाग कधीच दाबू नये.

नवा तुकडा करून घालणे

वरीलपैकी काहीच पुरले नाही, तर तेवढा भाग कापून नवा वाकवलेला तुकडा घालावा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये पाइप वाकवणारे आणि टिग वेल्डिंग करणारे शोधावे लागत नाहीत, पण त्यांच्याकडे गाडी नेण्याआधी साचा आपणच तयार करावा. वेल्डिंगची जाड सळई पाइपच्या नव्या मध्यरेषेप्रमाणे वाकवत जावी, सस्पेन्शन चारही स्थितींत फिरवून सळईभोवती पाइपच्या निम्म्या व्यासाइतकी आणि वर ठरवलेली जागा उरते का ते पाहावे आणि मगच ती सळई कारागिराच्या हाती द्यावी. वाकण मँड्रेलवर, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून, काढलेले असावे. साध्या दाबयंत्रावर पाइपला वाकणीच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि तिथे तो अरुंद होतो.

धातू ओळखून वेल्डिंगची सळई ठरवावी. ३०४ ला ३०८-एल आणि साध्या पोलादाशी स्टेनलेस जोडायचे असेल, तर ३०९-एल वापरतात. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरूच नये, कारण वेल्डिंगच्या वेळी निघणारा जस्ताचा धूर ताप आणतो. तुकडा गाडीवर फक्त टाचून घ्यावा आणि पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून करावे. टाचतानाही बॅटरीचे ऋण टोक काढावे, अर्थिंगचा चिमटा टाचण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर लावावा, सेन्सर काढून ठेवावेत आणि जवळच्या इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या ओल्या जाड कापडाने झाकाव्यात. आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी असावे. एका टोकाला एकात एक सरकणारा जोड आणि रुंद पट्टीचा क्लॅम्प ठेवला, तर पुढे बारीक फेरफार करता येतात. यू आकाराचा क्लॅम्प पाइप चेपतो आणि मग जोड सुटत नाही.

गळती थंड इंजिनावर तपासावी: इंजिन सुरू करून मागचे तोंड जाड फडक्याने क्षणभर अर्धवट रोखावे आणि जोडांवर साबणाचे पाणी मारावे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती राहिली, तर आत शिरणाऱ्या हवेमुळे सेन्सर फसतो आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त इंधन घेऊ लागते.

उष्णता

पाइप न लागताही नुकसान करू शकतो. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत काजळी जाळण्याच्या वेळी आतले तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जाते. डॉट-४ ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २३० अंश आणि पाणी मुरल्यावर १५५ अंश असतो, त्यामुळे पाइपजवळ सरकलेला ब्रेकचा होस उतारावर पेडल मऊ करू शकतो. शॉकची तेलसीलही उष्णतेने कडक होतात. शील्डसाठी ॲल्युमिनियमचा थर दिलेला किंवा स्टेनलेसचा पत्रा घ्यावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किमान १० मिलिमीटर हवा खेळू द्यावी. पाइपला कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला मी देत नाही: इगतपुरीच्या पावसात ती भिजते, ओल धरून ठेवते आणि साध्या पोलादाचा पाइप आतल्या आत कुजतो.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. उंची वाढवण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी. जागा करण्याच्या निमित्ताने कन्व्हर्टर, डीपीएफ किंवा मफलर काढून टाकणे हा तर उघड गुन्हा आहे, आणि तो सुचवणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढावी.

रस्त्यावरची चाचणी

काम झाल्यावर पाइप आणि सस्पेन्शन जिथे जवळ येतात, तिथे दोन्ही भागांवर उष्णता सहन करणाऱ्या पांढऱ्या रंगाचा पट्टा मारावा. आधी गल्लीतले स्पीडब्रेकर हळू आणि तिरके घ्यावेत, म्हणजे एकेक चाक वेगळे हलते. मग गाडी पूर्ण तापू द्यावी आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटासारख्या लागोपाठ वळणांच्या रस्त्यावर, एकदा मोकळी आणि एकदा माणसे-सामान भरून, चालवावी. परत आल्यावर पांढरा पट्टा खरवडला गेला आहे का ते पाहावे.

नवे स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात आणि नवे हँगर रबरही ताणले जातात. म्हणून पाचशे किलोमीटरनंतर चारही कोपऱ्यांतली उंची सुरुवातीच्या आकड्यांशी पडताळावी, फ्लँज, क्लॅम्प आणि यू-बोल्टचे नट टॉर्क रेंचने तपासावेत आणि सर्वांत अडचणीच्या जागी लाकडी पट्टी पुन्हा सरकवून पाहावी. मालवाहू गाडीत हीच तपासणी द्राक्षाचा किंवा कांद्याचा हंगाम सुरू होण्याआधी, गाडी भरलेली असताना करावी.